अखेरचा शब्द पोहोचावा म्हणून



या अंकासाठी मी एखादा ऐतिहासिक विषय निवडीन, अशी तुमची अपेक्षा असेल. कला शाखेची पदवी घेतलेल्या आणि मराठी व इतिहास शिकवणाऱ्या बाईंनी संगणकाच्या अंतरंगाविषयी लिहावे, हे तुम्हांला काहीसे नवलाचे वाटेल. परंतु गतवर्षी आपल्या संगणककक्षात एक प्रसंग असा घडला, की त्यात माझ्याकडून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला. त्या अन्यायाचे मूळ शोधता शोधता मला हा विषय शिकावा लागला. जे शिकले, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

आपल्या कक्षात एक मुख्य संगणक आहे. सर्व विद्यार्थ्यांचे काम त्यातच साठवलेले असते. एके दिवशी दुपारी तो अकस्मात थांबला. पडद्यावरचे चित्र जागच्या जागी गोठले आणि कोणतीही कळ दाबली तरी काही हालेना. अखेर तो बंद करून पुन्हा चालू केला, तेव्हा हस्तलिखितासाठी त्या दिवशी उतरवलेले लेख नाहीसे झालेले आढळले. त्या वेळी संगणकासमोर नववीतील एक मुलगा बसला होता. यंत्राची नोंदवही मी तपासून घेतली. थांबण्यापूर्वीची शेवटची नोंद अगदी साधी होती. पुढे काहीच नव्हते. मुलगा म्हणाला, “बाई, मी काही केलं नाही.” मी त्याचे ऐकले नाही. यंत्रात दोष असता तर यंत्राने तसे लिहून ठेवले असते, असा माझा तर्क. त्या मुलाला मी पंधरा दिवस कक्षात येण्यास मनाई केली.

त्यानंतर तो संगणक आणखी दोनदा थांबला. दुसऱ्या खेपेस तर कक्षाला कुलूप होते आणि आत कोणीच नव्हते. चतुर्थीच्या सुट्टीत आपला एक माजी विद्यार्थी, जो आता अभियंता आहे, गावी आला होता. त्याने मुख्य संगणकाच्या जुन्या धाटणीच्या सीरियल पोर्टला एक तार जोडली, तिचे दुसरे टोक कोपऱ्यातल्या जुन्या संगणकाला लावले आणि ‘तुला जे सांगायचे ते या तारेवरूनही सांग’ अशी आज्ञा मुख्य संगणकाला दिली. आठव्या दिवशी यंत्र पुन्हा थांबले. या वेळी मात्र कोपऱ्यातल्या पडद्यावर त्याचे अखेरचे बोल उमटून राहिले होते. स्मृतीत दुरुस्त न होणारी चूक सापडली आहे, असे त्यात लिहिले होते. आणि शेवटची ओळ होती, ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग’. स्मृतीची एक सदोष पट्टी बदलली आणि यंत्र पूर्ववत चालू लागले.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. यंत्राने शेवटी खरे सांगितले होते, तर ते पहिल्या दिवशी आम्हांपर्यंत का पोहोचले नाही? बोललेला शब्द आणि पोहोचलेला शब्द यांत एवढे अंतर कसे पडते?

गाभा आणि त्याची वाचा

संगणकावर चालणाऱ्या सर्व कामांच्या बुडाशी एक मूळ कार्यक्रम असतो. त्याला ‘कर्नेल’ म्हणतात. या शब्दाचा अर्थ बीजाच्या आतील गर. नारळाची उपमा घेतली तर कर्नेल म्हणजे खोबरे. आणि ज्या कार्यक्रमात आपण आज्ञा लिहितो त्याचे नाव ‘शेल’, म्हणजे करवंटी! आपण त्याला गाभा म्हणू. स्मृती, तबकडी, कळफलक, पडदा या सर्वांवर गाभ्याचेच नियंत्रण चालते. आपल्या संगणकावर लिनक्स नावाचा गाभा आहे. फिनलंडमधील हेलसिंकी येथे शिकत असलेल्या लिनस टॉर्व्हल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो प्रथम जगापुढे ठेवला; आज जगभरातील हजारो लोक त्यात भर घालीत असतात.

एखाद्या साध्या कार्यक्रमाला पडद्यावर काही लिहायचे झाले, तर तो गाभ्याला विनंती करतो. पण गाभ्यालाच काही सांगायचे असेल, तर त्याने कोणाकडे जावे? त्याच्याखाली दुसरा कोणी नाही. म्हणून गाभ्याने बोलण्यासाठी स्वतःची सोय केलेली आहे. लिनक्समध्ये तिला ‘प्रिंट-के’ म्हणतात. त्यातला ‘के’ कर्नेलचा. प्रत्येक संदेशाला ० ते ७ अशी श्रेणी असते. ७ म्हणजे केवळ तपासणीपुरती माहिती आणि ० म्हणजे प्राणसंकट. हे संदेश ज्या ठिकाणी बाहेर उमटतात, मग तो पडदा असो वा सीरियल तार, त्या ठिकाणाला ‘कन्सोल’ असे नाव आहे.

रहाटगाडगे

गाभ्याचा संदेश थेट कन्सोलवर जात नाही. तो आधी स्मृतीतल्या एका वर्तुळाकार कोठारात लिहिला जातो. याची कल्पना येण्यासाठी विहिरीवरील रहाट आठवा. माळेतील गाडगी एकामागून एक भरतात, वर येतात, पाटात पाणी ओततात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. येथेही प्रत्येक संदेश एकेका गाडग्यात भरला जातो आणि कन्सोल म्हणजे तो पाट. पाट धिमा असला, तर भरलेली गाडगी तशीच खाली परततात आणि त्यांत नवे पाणी भरताना जुने सांडते. कोठार भरले की गाभा सर्वांत जुना संदेश पुसून नवा लिहितो, तो असाच. गाडग्यांतले सारे पाणी पाटात उतरवण्याच्या क्रियेस इंग्रजीत ‘फ्लश’ म्हणतात. आपण तिला उपसा म्हणू.

हा पाट किती धिमा असतो, याचे गणित तुम्ही स्वतः करू शकता. सीरियल तारेवर सामान्यतः सेकंदाला १,१५,२०० बिट जातात. एका अक्षरास ८ बिट, आरंभखुणेचा १ आणि समाप्तिखुणेचा १, असे १० बिट लागतात. म्हणजे सेकंदाला ११,५२० अक्षरे. ८० अक्षरांची एक ओळ जाण्यास सुमारे ७ मिलिसेकंद लागतात. तुम्ही म्हणाल, हा काळ तो किती! पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची नाडी तेवढ्या वेळात सुमारे २ कोटी १० लाख वेळा पडते. १२८ किलोबाइटचे कोठार पूर्ण भरलेले असेल, तर त्याचा उपसा होण्यास ११ सेकंदांहून अधिक काळ जातो. तारेचा वेग सेकंदाला ९,६०० बिट असेल, तर किती वेळ लागेल, हे गणित तुमच्यासाठी ठेवते.

यावरून यंत्राची नोंदवही रिकामी का होती, तेही उलगडते. तबकडीवरील नोंदवही गाभा स्वतः लिहीत नाही. एक स्वतंत्र कार्यक्रम कोठारातील संदेश वाचून ते तबकडीवर उतरवीत असतो. गाभाच कोसळला, की तो कार्यक्रमही जागच्या जागी थांबतो. ‘नॉट सिंकिंग’ या शब्दांचा अर्थही हाच आहे: स्मृतीत राहिलेले लिखाण तबकडीवर उतरवण्याचा प्रयत्न आता मी करीत नाही, असे गाभा सांगतो. ज्या गाभ्याची स्वतःचीच शुद्ध हरपली आहे, त्याने तबकडीला हात लावला तर तेथील चांगले लिखाणही बिघडण्याची भीती असते. पडद्यावर आज्ञावलीऐवजी चित्रे मांडलेली होती. त्यांच्याआड ते शब्द आम्हांला दिसले नाहीत. नवी तार जोडली, तेव्हा कुठे त्यांना वाट मिळाली.

एकच वाट, अनेक वाटसरू

आता खरी अडचण पाहू. हल्लीच्या संगणकात चार, आठ, कित्येकदा शंभराहून अधिक प्रोसेसर एकाच वेळी काम करतात. सर्वांना बोलायचे असते; पण कन्सोल एक. दोघे एकदम लिहू लागले तर अक्षरांची मिसळ होऊन कोणाचेच बोलणे समजणार नाही. म्हणून कन्सोलला एक कुलूप असते. ज्याच्या हाती किल्ली, त्यानेच लिहावे.

व्यवस्था उत्तम, पण संकटकाळी तीच घातक ठरते. गाभा कोसळतो, तेव्हा ज्या प्रोसेसरवर संकट ओढवले तो इतर सर्वांना जागच्या जागी थांबवतो. थांबवलेल्यांपैकी एकाच्या हाती किल्ली असली तर? किल्ली त्याच्या मुठीत, तो निश्चल. आणि ज्याला अखेरचा शब्द सांगायचा आहे तो दाराशी तिष्ठत. याहून विचित्र प्रसंगही येतो. काही हाका अशा असतात, की प्रोसेसरला त्या क्षणभरही थोपवता येत नाहीत. कुलूप लावून लिहीत असतानाच तशी हाक आली आणि तिलाही काही लिहायचे असले, तर प्रोसेसर आपणच लावलेले कुलूप उघडण्याची वाट पाहत बसतो. ते कुलूप कधीच उघडत नाही.

जुन्या पद्धतीत आणखी एक दोष होता. ज्याच्या हाती किल्ली, त्याने आपला संदेश लिहून झाल्यावर मागून आलेल्या सर्वांचेही संदेश लिहून मगच निघावे, असा नियम होता. संदेशांचा ओघ सुरू राहिला, तर तो बिचारा इतरांचेच निरोप उतरवीत अडकून पडे आणि त्याचे स्वतःचे काम खोळंबे. एखादा प्रोसेसर सुमारे २० सेकंद असा अडकला, की गाभ्यातील पहारेकरी ‘हा अडकला आहे’ अशी तक्रार करतो. गंमत अशी, की ती तक्रारही एक संदेशच; तीही त्याच रांगेत येऊन उभी राहते!

पालखीचा खांदा

या दोषावर २०१८ साली स्टीव्हन रोस्टेड्ट यांनी सुचवलेला उपाय लिनक्सच्या ४.१६ या आवृत्तीत आला. आपल्याकडील पालखी तुम्ही पाहिली आहे. एकच भोई देवळापासून देवळापर्यंत खांदा देत नाही. वाटेत दुसरा जवळ येऊन उभा राहतो, खांदा लावतो आणि पहिला मोकळा होतो. येथेही तसेच ठरले. एक प्रोसेसर लिहीत असताना दुसरा संदेश घेऊन आला, तर पहिल्याने हातातील ओळ पुरी करून किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. पालखी खाली टेकत नाही आणि भारही एकावर पडत नाही.

पुढे जॉन ऑग्नेस यांनी रहाटच नव्याने बांधला. कोठारात लिहिण्यासाठी कुलूपच लागू नये, अशी त्याची रचना होती. डिसेंबर २०२० मधील ५.१० या आवृत्तीपासून ती वापरात आली. मग कोणतीही हाक केव्हाही येवो, तिला आपला संदेश निदान कोठारात तरी टाकता येऊ लागला.

२०२२ सालचा धडा

कोठारात लिहिणे असे निर्वेध झाले. पाट मात्र धिमा तो धिमाच. तेव्हा असा विचार पुढे आला, की ज्याला बोलायचे आहे त्याने कोठारात लिहून आपल्या कामाला निघून जावे, आणि उपशाचे काम प्रत्येक कन्सोलसाठी नेमलेल्या स्वतंत्र सेवकाने करावे. अशा सेवकाला ‘थ्रेड’ म्हणतात. विचार सुंदर होता. २०२२ साली ५.१९ ही आवृत्ती तयार होत असताना हा बदल लिनक्समध्ये घेण्यात आला.

परंतु चाचणी करणाऱ्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. यंत्र बंद होताना किंवा कोसळताना काही संदेश हरवू लागले. कारण उघड आहे. सेवकाने काम करावे यासाठी यंत्र जिवंत असावे लागते. घरच पडले, तर निरोप नेणारा गडी कोठून निघणार? आणि नेमके हेच संदेश सर्वांत मोलाचे! हजार साधे संदेश उशिरा पोहोचले तरी चालेल. पण ‘मी का पडलो’ हा एक संदेश हरवून चालत नाही. म्हणून जून २०२२ मध्ये, आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वीच, तो सारा बदल मागे घेण्यात आला.

मुलांनो, या घटनेकडे मी अपयश म्हणून पाहत नाही. ज्यांनी कित्येक महिने खपून ते काम केले होते, त्यांनीच ते बाजूला ठेवले आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून विचार सुरू केला. आपला निबंध खोडून नव्याने लिहिण्याचा तुम्हांला किती कंटाळा येतो, ते मला ठाऊक आहे!

संकटकाळचे नियम

नव्या विचारातून जी व्यवस्था सिद्ध झाली, तिचे मुख्य भाग २०२४ सालच्या ६.१२ या आवृत्तीपर्यंत लिनक्समध्ये आले. सेवक तिच्यातही आहेत. पण ते नित्याच्या दिवसांसाठी. संकटासाठी वेगळे नियम घालून दिले आहेत.

कन्सोलचा ताबा घेणाऱ्याच्या तीन पायऱ्या मानल्या आहेत: नित्य, आणीबाणी आणि सर्वनाश. वरच्या पायरीवरील आला, की खालच्याने ताबा सोडावा. लिहिताना काही क्षण असे असतात, की यंत्राच्या खुणा अर्धवट बदललेल्या असतात. पालखी ओढ्याच्या ऐन मधोमध असावी तसे. त्या क्षणांवर ‘असुरक्षित’ अशी खूण केलेली असते. एरवी तेवढा क्षण जाऊ द्यावा आणि खांदा सुखरूप ठिकाणी बदलावा. खालचा ताबेदार निश्चल पडला असेल आणि क्षण सुरक्षित असेल, तर त्याच्या संमतीवाचून ताबा घ्यावा. आणि सर्व उपाय थकल्यावर, अगदी शेवटी, क्षण असुरक्षित असला तरी ताबा घेऊन लिहावे. त्यात अक्षरे बिघडण्याचा धोका आहे. पण अन्यथा सारे हरवणारच आहे, तेव्हा तो धोका पत्करणे शहाणपणाचे. जी कन्सोले अजून जुन्या पद्धतीने चालतात, त्यांच्यासाठी जुनी वाटही राखून ठेवली आहे.

या क्रमातली दूरदृष्टी पाहा. जेथे निर्धोकपणे उपसा होईल, ती कामे आधी. धोक्याचे पाऊल सर्वांत शेवटी. प्रथमच धोका पत्करला असता, तर जे सुखरूप पोहोचले असते तेही बुडाले असते. संकट ओढवले की गाभा श्रेणीची अटही सैल करतो. एरवी कन्सोलवर न येणारे बारीकसारीक संदेशही तेव्हा बाहेर येतात, कारण त्या घडीला कोणता तपशील मोलाचा ठरेल हे कोणीच सांगू शकत नाही.

एवढे करूनही एक पायरी उरते. सीरियल तारेच्या मुखाशी एक छोटी चिप असते. १६५५०ए या प्रसिद्ध चिपेत १६ अक्षरे मावतील एवढी रांग असते. गाभ्याने अक्षर चिपेत टाकले, म्हणजे ते तारेवर गेलेच असे नाही. १६ अक्षरे जाण्यास सुमारे १.४ मिलिसेकंद लागतात. तेवढा धीर न धरता यंत्र पुन्हा सुरू केले, तर वाक्याचे शेपूट चिपेतच नाहीसे होईल. म्हणून लिहून झाल्यावर चिप खरोखर रिकामी झाली का, हे गाभा तिला विचारून घेतो. पेटीत पत्र टाकले म्हणजे ते पोहोचले, असे मानू नये. पेटी उघडून टपाल निघाले का, ते पाहावे.

लिनक्स अचूक ठरल्या वेळी काम करू शकावा, असा एक प्रयत्न सुमारे वीस वर्षे चालू होता. यंत्रमानव, कारखान्यातील यंत्रे, ध्वनिमुद्रण यांसाठी अशा गाभ्याची गरज असते. संदेशलेखनातील ही दिरंगाई त्याच्या मार्गातील अखेरच्या मोठ्या अडथळ्यांपैकी एक होती. तो दूर झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये तो प्रयत्न मूळ लिनक्समध्ये सामावला गेला. एक ओळ नीट पोहोचवण्याच्या खटाटोपाचे महत्त्व यावरून ध्यानी येईल.

उपसंहार

आमच्या घरी कोकणी बोलतात. शेवटच्या शब्दाला आम्ही ‘निमाणें उतर’ म्हणतो. घरातील वडीलधाऱ्यांचे निमाणें उतर ऐकायला सर्वजण अंथरुणाभोवती जमतात. ते ऐकायचे राहून गेले, तर जन्मभर मनाला रुखरुख लागते. यंत्राला जीव नाही, हे मी जाणते. पण त्याचे अखेरचे वाक्य ऐकू आले नाही, की त्याचे प्रायश्चित्त एखाद्या जिवंत माणसाला भोगावे लागते, हे मी पाहिले आहे.

इतिहास शिकवताना मी तुम्हांला नेहमी सांगते, की साधन उपलब्ध नाही याचा अर्थ घटना घडली नाही असा होत नाही. ताम्रपट हरवला म्हणून दान झालेच नाही, असे म्हणता येत नाही. वर्गात सांगितलेले हे तत्त्व संगणककक्षात मी स्वतःच विसरले. नोंदवही रिकामी दिसताच मी तिच्या मौनाला साक्ष मानले. खरे पाहता त्या कोऱ्या पानाने एवढेच सांगितले होते, की शब्द पोहोचला नाही. आणि जो एक शब्द माझ्यापर्यंत पोहोचला होता, त्या मुलाचा, तो मी कानाआड केला.

स्मृतीची पट्टी बदलली त्याच दिवशी मी नववीच्या वर्गात गेले आणि सर्वांसमक्ष त्या मुलाची क्षमा मागितली. तो काही बोलला नाही; खाली मान घालून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो कक्षात आला, कोपऱ्यातल्या पडद्याकडे पाहत राहिला आणि म्हणाला, “बाई, ती तार तशीच राहू दे हां. काढू नका.”

ती तार अजून तेथेच आहे.